गोल्फ: ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या काठीचा (क्लबचा), वेग ताशी ८९ मैलांवर अडला आहे. नुसता जोर न लावता तंत्रातून अंतर कसे वाढवावे?

फेअरवेचा प्रवासी

नमस्कार. मी गेली सहा वर्षे गोल्फ खेळतो. वय ४६, हँडिकॅप १७ (म्हणजे एका फेरीत ठरलेल्या फटक्यांहून साधारण सतरा जास्त), उजव्या हाताने खेळतो. आयर्नचे (मधल्या अंतराच्या क्लबचे) फटके आणि ग्रीनभोवतीचा, म्हणजे भोकाजवळच्या हिरवळीभोवतीचा, खेळ यांत दरवर्षी थोडीफार सुधारणा होत आली आहे. ड्रायव्हरचे अंतर मात्र तीन वर्षांपासून होते तिथेच आहे. मागच्या आठवड्यात प्रथमच लाँच मॉनिटर या फटका मोजणाऱ्या यंत्रासमोर उभा राहून तीस चेंडू मारले. पहिल्या वीस चेंडूंची सरासरी अशी आली: क्लबहेडचा (क्लबच्या डोक्याचा) वेग ताशी ८९ मैल, चेंडूचा वेग ताशी १२४ मैल, चेंडू उडण्याचा कोन ९ अंश, स्पिन (चेंडूची गिरकी) मिनिटाला सुमारे ३,७०० फेरे आणि कॅरी, म्हणजे चेंडूने हवेत कापलेले अंतर, १७८ यार्ड. क्लब चेंडूला भिडताना ४ अंशांनी खाली उतरत असतो, असेही यंत्राने दाखवले.

मला सर्वाधिक कोड्यात टाकले ते शेवटच्या दहा चेंडूंनी. ते मी अंगातला सगळा जोर एकवटून मारले. क्लबचा वेग जेमतेम २ मैलांनी वाढला, चेंडूचा वेग उलट घटला आणि दहापैकी सात चेंडू उजवीकडे वळत गेले. ज्या दिवशी अंग सैल असते आणि डोक्यात अंतराचा विचार नसतो, त्या दिवशी एखादा चेंडू असा काही निघतो की तो मीच मारला यावर विश्वास बसत नाही. पण तो पुन्हा मारता येत नाही.

नव्या ड्रायव्हरचा विचार मी तूर्त बाजूला ठेवला आहे, कारण दोष स्विंगमध्ये (क्लब फिरवण्याच्या हालचालीत) आहे हे दिसतेच आहे. पाठीची किंवा गुडघ्याची काही तक्रार नाही. आठवड्यातून तीन दिवस तासभर सराव करता येतो. या स्थितीत सर्वप्रथम काय बदलावे आणि कोणत्या गोष्टीला नंतर हात घालावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मोजमाप

तुम्ही आकडे दिलेत हे फार चांगले झाले, कारण ते नसते तर सगळ्यांनी तुम्हाला वेग वाढवायलाच सांगितले असते आणि तुमच्या हाताशी आधीच असलेले अंतर तसेच वाया जात राहिले असते. चेंडूच्या वेगाला क्लबच्या वेगाने भागले की जो आकडा येतो त्याला स्मॅश फॅक्टर म्हणतात. ड्रायव्हरच्या फेसला (चेंडूला भिडणाऱ्या बाजूला) किती उसळी असावी यावर नियमांनीच मर्यादा घातली असल्यामुळे हा आकडा १.५ च्या आसपास येऊन थांबतो. तुमचा आकडा १.३९ आहे. याच ८९ मैलांच्या वेगाने चेंडू फेसच्या मध्यावर लागला, तर तो ताशी १३३ मैलांनी सुटेल. चेंडूच्या वेगातला एकेक मैल ढोबळमानाने दोन यार्डांच्या जवळपास जातो, तेव्हा सतराअठरा यार्ड तुम्ही वेगात नव्हे, संपर्कात गमावत आहात.

म्हणून पहिले काम साधे आहे. ड्रायव्हरच्या फेसवर पायांसाठी मिळणारी पांढरी पावडर फवारा आणि वीस चेंडू मारून प्रत्येकाचा ठसा बघा. माझा अंदाज असा की तुमचे बहुतेक ठसे मध्यापासून हीलकडे (दांडा जोडलेल्या टोकाकडे) आणि थोडे खालच्या बाजूला असतील. खालच्या बाजूला लागलेल्या चेंडूचा स्पिन वाढतो आणि हीलकडे लागलेला चेंडू उजवीकडे वळायला पाहतो, आणि तुमचे आकडे नेमके हेच सांगत आहेत. ठसा दिसू लागला की बहुतेकांचे हात आपोआप मध्य शोधू लागतात. मी तर कोणत्याही सूचनेपेक्षा या पावडरीवर जास्त विश्वास ठेवतो.

दुसरी गोष्ट त्या ४ अंशांची. ट्रॅकमन या लाँच मॉनिटर बनवणाऱ्या कंपनीने वर्षानुवर्षे प्रसिद्ध केलेल्या सरासरीत एलपीजीए टूरवरील महिला खेळाडूंचा ड्रायव्हरचा वेग ताशी ९४ मैलांच्या आसपास दिसतो, म्हणजे तुमच्याहून फार जास्त नाही. तरीही त्यांची कॅरी २१८ यार्डांच्या घरात आहे. त्यांचा क्लब चेंडूला सरासरी ३ अंश वर चढताना भिडतो. पीजीए टूरवरील पुरुषांचा क्लब सरासरी एखाद्या अंशाने खाली उतरत असतो; परंतु ताशी ११३ मैलांहून अधिक वेग असणाऱ्याला ते परवडते, ८९ वाल्याला नाही. खाली उतरणारा क्लब चेंडूला कमी कोनातून आणि जास्त स्पिनने सोडतो, आणि चेंडू आपली शक्ती पुढे जाण्याऐवजी वर चढण्यात आणि मग सरळ खाली पडण्यात घालवतो.

यासाठी स्विंग बदलण्याआधी उभे राहण्याची पद्धत बदला. चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत असू द्या. क्लब जमिनीवर टेकवल्यावर चेंडूचा निम्मा भाग क्लबच्या माथ्याच्या वर दिसेल इतका टी (चेंडू ठेवायची खुंटी) उंच ठेवा. पायांमधले अंतर खांद्यांहून किंचित जास्त घ्या आणि छातीचे मधले हाड चेंडूच्या चांगलेच मागे राहील इतका कणा लक्ष्यापासून दूर कलू द्या. उजवा खांदा डाव्याहून खाली आलेला जाणवला पाहिजे. इतके करून मग पुन्हा मोजा.

जुना अभ्यासक

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. तरीही सगळा जोर लावूनही वेग दोनच मैलांनी का वाढला, हा जो तुमचा खरा प्रश्न आहे, त्याचे उत्तर वेगळे द्यावे लागेल, आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढचा सराव चुकीच्या दिशेने होण्याचा धोका आहे.

क्लब आणि चेंडू यांचा संपर्क सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाएवढाच टिकतो. त्या क्षणी तुम्ही लावलेला जोर चेंडूपर्यंत पोहोचायला वेळच नसतो. चेंडूला कळतो तो फक्त क्लबहेडचा त्या क्षणीचा वेग, त्याची दिशा आणि फेसचा कोन. हा वेग आधीच्या पाव सेकंदात, म्हणजे डाउनस्विंगच्या (क्लब खाली येण्याच्या) काळात तयार झालेला असतो, आणि तो तयार होतो शरीराच्या एका भागाकडून दुसऱ्याकडे सोपवला जाऊन. चांगल्या खेळाडूचे मोजमाप केले तर आधी कंबर आपल्या कमाल वेगाला पोहोचते आणि मंदावते, मग छाती, मग हात आणि सर्वांत शेवटी क्लब. प्रत्येक भाग मंदावतो तेव्हाच पुढच्याला वेग मिळतो. गोफण फिरवणाऱ्याच्या हाताकडे पाहा: दगड सुटतो तेव्हा हात जवळजवळ थांबलेला असतो, आणि दगडाचा वेग हाताच्या वेगाच्या कित्येक पट असतो.

जोर लावायचे ठरवले की आपण सगळेच काय करतो? जोर जिथे जाणवतो तिथून, म्हणजे उजव्या खांद्यातून आणि हातांतून सुरुवात करतो. खांदे कंबरेच्या आधी उघडतात, क्लब बाहेरून आत येतो, मनगटे वरच सुटतात, म्हणजे दुमडलेली मनगटे वेळेआधीच सरळ होतात, आणि क्लबचा कमाल वेग चेंडूच्या फूटभर आधीच येऊन संपतो. क्लबचा मार्ग डावीकडे आणि फेस त्या मार्गाच्या तुलनेत उजवीकडे उघडा, म्हणजे चेंडू उजवीकडे वळणारच. तुमचे ते सात चेंडू आणि न वाढलेला वेग ही एकाच कारणाची दोन रूपे आहेत.

आता उपाय. सुरुवात बॅकस्विंगपासून (क्लब मागे नेण्यापासून) करा, कारण तिथे जागा तयार झाली नाही तर खाली येताना क्रम पाळायला वेळच उरत नाही. कंबर घट्ट धरून केवळ खांदे वळवावेत असा सल्ला एके काळी सर्रास दिला जाई. लवचिक शरीराच्या विशीतल्या खेळाडूला तो चालतही असेल. चाळिशी ओलांडलेल्या आपल्यासारख्यांनी मात्र कंबर मोकळेपणी वळू द्यावी. उजवा गुडघा थोडा सरळ होऊ द्या आणि गरज वाटली तर डावी टाच जमिनीवरून उचलली जाऊ द्या. विख्यात अमेरिकी गोल्फपटू जॅक निकलस डावी टाच उचलत असत, आणि १९६३ च्या पीजीए चँपियनशिपच्या वेळी झालेल्या लांब फटक्याच्या स्पर्धेत त्यांनी चेंडू ३४१ यार्डांवर टाकला होता, तोही लाकडी डोक्याच्या ड्रायव्हरने. पाठ लक्ष्याकडे पूर्ण वळली, खांदे नव्वद अंशांच्या आसपास पोहोचले आणि हात छातीपासून दूर, रुंद राहिले, की क्लबला वेग घेण्यासाठी लांबचा मार्ग मिळतो. तो मार्ग दहा टक्क्यांनी वाढला तरी त्याचा फायदा हाताच्या दंडातल्या ताकदीने भरून निघणारा नाही.

यानंतरचा क्षण सर्वांत महत्त्वाचा आणि शब्दांत सांगायला सर्वांत अवघड आहे. क्लब अजून मागे जात असतानाच शरीराचा दाब डाव्या पायाकडे यायला लागला पाहिजे. हात वरच्या टोकाला पोहोचून थांबले आणि मग सगळे शरीर एकदम खाली आले, असे चांगल्या स्विंगमध्ये होत नाही. खालचा भाग पुढे निघालेला असतो आणि वरचा अजून मागे जात असतो. या ताणातूनच पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंना ती झेप मिळते जी नुसत्या इच्छेने मिळत नाही.

मग डावा पाय. हात कंबरेच्या उंचीपर्यंत खाली येईतो डावा गुडघा वाकलेला असतो आणि दाब त्याच पायावर असतो. तिथून पुढे तो पाय जमिनीला ढकलून सरळ होतो. अमेरिकी व्यावसायिक जस्टिन थॉमस यांच्या ड्राइव्हचे (ड्रायव्हरच्या फटक्याचे) संथ चित्रण पाहिलेत तर संपर्काच्या वेळी त्यांच्या टाचा जमिनीवरून सुटलेल्या दिसतील. ते काही धिप्पाड खेळाडू नाहीत. क्लबचे डोके साधारण दोनशे ग्रॅमचे असते. ते तुमच्या वेगाने वळसा घेत असताना हातांना बाहेर आणि खाली ओढते, आणि ती ओढ वीस-पंचवीस किलोंच्या घरात जाते. शरीर वर उठून या ओढीला विरोध करते, ग्रिपचे (क्लबच्या मुठीचे) टोक आत आणि वर खेचले जाते, आणि त्या खेचण्यानेच क्लबचे दुसरे टोक चेंडूकडे आणखी जोराने फेकले जाते. ताकद हवीच, पण ती पायांतून जमिनीकडे जायला हवी.

हे सगळे एकदम करू पाहू नका. दोन महिने लागले तरी चालतील असे समजून बॅकस्विंगच्या वळणापासून सुरुवात करा.

फेअरवेचा प्रवासी

दोघांचेही मनापासून आभार. पावडरीचा प्रयोग कालच केला. वीसपैकी तेरा ठसे हीलकडे आणि खालीच होते, अगदी सांगितल्याप्रमाणे. टी उंच करून आणि चेंडू पुढे घेऊन मारल्यावर पहिले दहा चेंडू फार वाईट गेले, मग हळूहळू ठसे वर सरकू लागले.

एक शंका आहे. मनगटे वरच सुटतात हे माझ्याबाबतीत नक्की खरे आहे, कारण चित्रणात तसे स्पष्ट दिसते. मग खाली येताना मनगटांचा कोन जाणीवपूर्वक धरून ठेवावा का? तसे करून पाहिले तर चेंडू आणखीच उजवीकडे गेला. आणि ग्रिप किती घट्ट असावी?

पुढचा पाय

कोन धरून ठेवू नका, असे मी अगदी आग्रहाने सांगेन. या एका सूचनेपायी मी स्वतः दीड वर्ष वाया घालवले आहे. मनगटांचा कोन टिकतो तो कंबर आणि छाती हातांच्या पुढे धावत असल्यामुळे. तो परिणाम आहे, कृती नव्हे. हातांनी धरलेला कोन वेळेवर सुटत नाही, फेस उघडाच राहतो आणि चेंडू उजवीकडे जातो, जे तुम्ही अनुभवलेच. क्रम सुधारला की कोन टिकतो आणि मोकळी मनगटे आपल्याच गतीने, योग्य जागी सुटतात.

ग्रिपबद्दल पहिली गोष्ट म्हणजे ती डाव्या हाताच्या तळव्यात नव्हे, बोटांच्या मुळाशी असावी. ग्रिप तळव्यात असली की मनगट उभे दुमडतच नाही, मग सोडायला काही उरतही नाही. पकड इतकीच असावी की क्लब निसटणार नाही, आणि कोपरापर्यंतचा हात मऊ राहील. तुम्ही लिहिले आहे की अंग सैल असते त्या दिवशी एखादा चेंडू विलक्षण जातो. त्या दिवशी तुमच्या हाताचे स्नायू क्लबच्या आड येत नसावेत.

आता सरावाविषयी, आणि इथे माझे मत वरील सल्ल्याहून थोडे वेगळे आहे. आधी तंत्र पूर्ण सुधारावे आणि वेगाकडे नंतर वळावे, या क्रमाने जाणारे बहुतेक लोक वेगाकडे कधी पोहोचतच नाहीत, कारण संथ हालचाल शरीराच्या अंगवळणी पडते. दोन्ही गोष्टी पहिल्या आठवड्यापासून चालू ठेवा, मात्र वेगवेगळ्या. वेगाच्या सरावात चेंडू नकोच. चेंडू समोर असला की मन तो नीट लागावा म्हणून हालचाल आवरते.

ड्रायव्हर उलटा करून डोक्याच्या बाजूने धरा आणि जमेल तितक्या वेगाने फिरवा. हवा कापल्याचा आवाज कुठे येतो ते ऐका. तो उजव्या खांद्याजवळ येत असेल तर वेग वरच खर्च होतो आहे. चेंडूची जागा ओलांडून पुढे आवाज येऊ लागला की मनगटे योग्य वेळी सुटू लागली असे समजा. यानंतर पावलाचा सराव करा: दोन्ही पाय जुळवून उभे राहा, क्लब मागे न्या, आणि तो वर पोहोचण्याआधीच डावे पाऊल लक्ष्याकडे टाकून मग फिरा. आधी पाऊल, मग कंबर, मग हात, हा क्रम या एका हालचालीत शरीराला न सांगता कळतो. माझ्या मते वर ज्या क्षणाचे वर्णन शब्दांत अवघड म्हटले आहे, तो शिकण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

दिवसाआड, एका वेळी तीसेक स्विंग पुरेत. प्रत्येक स्विंगच्या मध्ये अर्धा मिनिट थांबा. धाप लागलेल्या शरीराने केलेला सराव दमसासाचा होतो, वेगाचा नाही. शक्य असल्यास वेग मोजणारे छोटे यंत्र समोर ठेवा, कारण आकडा दिसला की शरीर त्याच्या मागे धावते. डाव्या बाजूनेही काही स्विंग करा. आधी दहा मिनिटे अंग गरम करणे सोडू नका, आणि कंबरेच्या खालच्या भागात टोचल्यासारखे दुखले तर त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवा. ताठ कंबरेवर खांदे जबरदस्तीने वळवले की तो ताण मणक्यावर येतो. टाच उचलू देण्याचा सल्ला मला त्यासाठीही मोलाचा वाटतो.

मोजमाप

साधनांविषयी थोडक्यात, कारण कुणीतरी लांब शाफ्टचा (क्लबच्या दांड्याचा) सल्ला देईलच. नियमांनी ड्रायव्हरची लांबी ४८ इंचांपर्यंत चालते, आणि २०२२ पासून स्पर्धांना ती ४६ इंचांवर आणण्याची मुभा आहे. लांब शाफ्टने वेग थोडा वाढतो. पण ज्याचे वीसपैकी तेरा ठसे हीलकडे आहेत त्याचा संपर्क त्याने आणखी बिघडेल. उलट ग्रिप एक इंच खाली धरून काही दिवस खेळून पाहा. लॉफ्ट (फेसचा मागे कललेला कोन) मात्र कमी करू नका. तुमच्या वेगाला साडेदहा ते बारा अंश योग्य ठरावेत.

फेअरवेचा प्रवासी

सहा आठवड्यांनंतर लिहितो आहे. आठवड्यातून तीन दिवस, पहिली वीस मिनिटे चेंडूविना वेगाचा सराव आणि मग पावडर फवारून चाळीस चेंडू, असा क्रम पाळला. डावी टाच उचलू द्यायला सुरुवातीला भीती वाटत होती. दुसऱ्या आठवड्यापासून तिच्याकडे लक्षही जाईनासे झाले. काल त्याच यंत्रासमोर वीस चेंडू मारले. क्लबचा वेग ताशी ९३ मैल, चेंडूचा वेग १३६, क्लब १ अंश वर चढताना भिडतो, स्पिन २,९०० आणि कॅरी २०७ यार्ड. उलट्या क्लबचा आवाज आता डाव्या पायाच्या पुढे येतो.

मैदानावर मात्र हे सगळे टिकत नाही. दोन्ही बाजूंना झाडे असलेल्या अरुंद होलवर उभा राहिलो की बॅकस्विंग आखूड होतो, खांदे आधी निघतात आणि उजवीकडे वळणारा जुना फटका परत येतो. यावर काही करता येईल का?

जुना अभ्यासक

२९ यार्ड! हे वाचून मनापासून आनंद झाला.

अरुंद होलवर सावधपणा येतो तो बॅकस्विंगमध्ये, आणि तिथेच तो सर्वाधिक नुकसान करतो. बॅकस्विंगला साधारण पाऊण सेकंद आणि डाउनस्विंगला पाव सेकंद, हे तीनास एक प्रमाण चांगल्या खेळाडूंमध्ये फार स्थिर असते. तुम्ही मागे जाणे अर्ध्यावर तोडता तेव्हा ते प्रमाण मोडते आणि खांद्यांना घाई करावीच लागते. तेव्हा अशा होलवर वेग कमी करण्याऐवजी टी पाव इंच खाली घ्या, ग्रिप एक इंच खाली धरा आणि वळण मात्र पूर्ण होऊ द्या. टीवर जाण्याआधी मागे उभे राहून पावलाचा तोच सराव दोनदा करा, दोन्ही वेळा हवा कापल्याचा आवाज पुढच्या पायापलीकडे ऐका, आणि तो आवाज कानात असतानाच चेंडूसमोर जाऊन उभे राहा.